बाळंतपण आणि वैयक्तिक मेडिक्लेम : पुणेकर जोडप्यांसाठी पायरीपायरीने

पाळी चुकल्यावर बाळंतपणाचा विमा शोधायला निघालात, तर तो मिळत नाही. नव्याने संसार मांडणाऱ्या जोडप्यांचं नेमकं इथेच चुकतं. घरात मेडिक्लेम आहे, दहा लाखांचा आहे, म्हणजे बाळंतपणही त्यात येणारच, असं धरून चालतात. पण वैयक्तिक आरोग्य विम्यात बाळंतपण मुळातच वगळलेलं असतं. विमा नियामक आयआरडीएआयने वगळण्यांची जी ठरावीक भाषा आखून दिली आहे, तिच्यात अठराव्या कोडखाली हे कलम आहे : प्रसूती, त्यातली गुंतागुंत, सिझेरियन, अपघाताशिवाय झालेला गर्भपात आणि कायदेशीर गर्भपात या कशाचाच खर्च मिळत नाही. अपवाद एकच, गर्भ गर्भाशयाबाहेर राहिला तर. तो खर्च साध्या पॉलिसीतही मागता येतो, आणि हे माहीत नसल्यामुळे लोक मागतच नाहीत.

म्हणून बाळंतपणाचं कव्हर मुद्दाम घ्यावं लागतं. एकतर ते ज्या पॉलिसीत अंगचंच आहे ती पॉलिसी घ्यायची, नाहीतर जादा हप्ता भरून रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा कव्हर, घ्यायचा. पुढच्या पायऱ्या ज्यांना कंपनीचा विमा नाही त्यांच्यासाठी आहेत : स्वतःचं दुकान असलेले, घरून सुटी कामं करणारे, छोट्या फर्ममध्ये नोकरीला असलेले. कंपनीचा विमा आहे, पण नोकरी बदलण्याच्या विचारात आहेत, त्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

१. आधी हातात काय आहे ते पाहा

नवरा-बायको दोघांच्या नोकरीतला समूह विमा तपासा. अशा विम्यात बाळंतपण बहुधा पहिल्या दिवसापासून धरलेलं असतं, मर्यादा मात्र ठरलेली असते. एचआरकडे तीन गोष्टी लेखी विचारा : बाळंतपणाची मर्यादा किती, नव्याने लग्न झाल्यावर जोडीदाराचं नाव किती दिवसांत घालावं लागतं, आणि बाळाचं नाव किती दिवसांत. नाव घालायची खिडकी एकदा बंद झाली की पुढच्या वार्षिक नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं. हिंजवडी-खराडीत नोकऱ्या पटापट बदलतात, त्यामुळे हेही लक्षात ठेवा की समूह विमा सहसा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो. सातव्या महिन्यात राजीनामा दिला आणि नव्या कंपनीत बाळंतपणाचं कव्हर नसलं, तर मधल्या मध्ये अडकायला होतं.

महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना कर्मचारी राज्य विमा कायद्याखाली येत असेल, तर ईएसआयसी, म्हणजे त्या कायद्याखालचा सरकारी विमा असतो. विमाधारकाच्या पत्नीला बाळंतपणाची वैद्यकीय सेवा मिळते. स्वतः विमाधारक असलेल्या बाईला त्याशिवाय २६ आठवड्यांचा रोख लाभ मिळतो. त्यासाठी आधीच्या सहा-सहा महिन्यांच्या दोन वर्गणी कालखंडांत किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली लागते. पुण्यात ईएसआयसीचं रुग्णालय बिबवेवाडीला आहे. हे असताना केवळ बाळंतपणासाठी वेगळा महागडा रायडर घ्यायची गरज सहसा नसते.

२. तारखांचा हिशेब कागदावर मांडा

सगळ्यांत महत्त्वाची पायरी ही. बाकीचं कमीजास्त झालं तर पैसे थोडे कमी मिळतात. तारीख चुकली तर काहीच मिळत नाही.

वैयक्तिक पॉलिसीत बाळंतपणासाठी प्रतीक्षा काळ असतो, ज्याला सगळे वेटिंग पिरियड म्हणतात. तो काही पॉलिसींत नऊ महिन्यांचा, बऱ्याच पॉलिसींत दोन किंवा तीन वर्षांचा आणि काहींत चार वर्षांचा असतो. नऊ महिन्यांच्या पॉलिसीचा हप्ता चढा किंवा मर्यादा कमी असू शकते, म्हणून केवळ त्या एका आकड्यावर भाळू नका.

आता उदाहरण. समजा पॉलिसी १५ जून २०२५ ला सुरू झाली आणि वेटिंग २४ महिन्यांचं आहे. म्हणजे १५ जून २०२७ पासून कव्हर लागू. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस १ ऑक्टोबर २०२६ असेल, तर २८० दिवस मोजून डॉक्टर ८ जुलै २०२७ ही तारीख देतील. कागदावर तीन आठवडे हातात आहेत असं वाटतं. पण ३७ आठवडे १७ जूनलाच भरतात, आणि ३७ आठवडे भरल्यानंतरचं बाळंतपण अगदी वेळेवरचं मानलं जातं. म्हणजे खरा मोकळा वेळ दोन दिवसांचा. रक्तदाब वाढला आणि ३६व्या आठवड्यात सिझेरियन करावं लागलं, तर प्रसूती वेटिंगच्या आत गेली आणि दावा संपला. शिवाय बाळ वेळेआधी आलं तर नवजात अतिदक्षता विभागाचा, म्हणजे एनआयसीयूचा खर्च अशाच वेळी येतो, जेव्हा कव्हर हवंच असतं.

त्यामुळे हिशेब डॉक्टरांनी दिलेल्या तारखेवर करू नका. तुमचा २८वा आठवडा ज्या दिवशी पडेल, त्याच्या आधी वेटिंग संपलेलं असावं. वरच्या उदाहरणात शेवटची पाळी डिसेंबर २०२६ मध्ये असती तर हे जमलं असतं.

पॉलिसीच्या मजकुरात आणखी एक शब्द शोधा. वेटिंग प्रसूतीच्या तारखेवर मोजतात की गर्भधारणेच्या? बहुतेक ठिकाणी रुग्णालयात दाखल होण्याची तारीख धरतात. पण एखाद्या पॉलिसीत गर्भधारणाही वेटिंगनंतरची हवी असं असेल, तर तुमचा हिशेब आणखी नऊ महिन्यांनी पुढे जातो. एजंटाने तोंडी सांगितलेलं इथे उपयोगाचं नाही. कंपनीच्या अधिकृत ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

या सगळ्याचा व्यवहारी अर्थ असा की पॉलिसी लग्नानंतर पहिल्या काही महिन्यांतच घ्यावी. ‘दोन वर्षांनी बघू’ असं ठरवलेलं असेल, तर विमा घ्यायची वेळ आजची.

हप्ता चुकवू नका. नूतनीकरण देय तारखेनंतरच्या सवलतीच्या दिवसांतही झालं नाही, तर पॉलिसी तुटते आणि वेटिंग पुन्हा शून्यापासून सुरू होतं.

३. पॉलिसी वाचताना बोट कुठे ठेवायचं

कंपनीने पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक द्यायचं असतं. सोप्या भाषेतला काही पानांचा सारांश असतो तो, आणि मागितल्यास मराठीतही मिळायला हवा. मागा. घरातल्या मोठ्यांनाही तो वाचता येतो, आणि ऐनवेळी रुग्णालयात धावपळ सहसा त्यांचीच असते.

त्यात आणि मूळ पॉलिसीत हे पाहा :

मर्यादा. दहा लाखांच्या पॉलिसीत बाळंतपणाला दहा लाख मिळत नाहीत. त्याची वेगळी सब-लिमिट असते, समजा ५०,००० रुपये. नॉर्मल आणि सिझेरियनसाठी कधी वेगवेगळी असते. खोली, सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, औषधं हे सगळं त्याच रकमेत बसवायचं असतं. गरोदरपणातल्या तपासण्या आणि सोनोग्राफी धरली असेल तर तीही बहुधा याच रकमेतून कापली जाते.

किती प्रसूती. सहसा दोन. आधीचं अपत्य मोजतात का, तेही विचारा.

कोण कोण हवं. काही पॉलिसींत नवरा-बायको दोघंही एकाच फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम असलेल्या पॉलिसीत, आणि दोघंही सलग वेटिंगभर असायला हवीत, अशी अट असते. नवऱ्याची पाच वर्षं जुनी पॉलिसी आहे आणि लग्नानंतर बायकोचं नाव घातलं, तर तिचं वेटिंग तिचं नाव घातल्या दिवसापासून मोजतात. ‘पॉलिसी जुनी आहे’ या समाधानात राहू नका.

बाळ. नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का, ते किती दिवस, आणि त्याची मर्यादा बाळंतपणाच्या सब-लिमिटमध्येच आहे की मूळ विमा रकमेपर्यंत. माझ्या मते संपूर्ण पॉलिसीतलं हे सगळ्यांत मोलाचं वाक्य आहे. बाळंतपणाचा खर्च आधी माहीत असतो, त्यासाठी साठवता येतं. एनआयसीयूचे दिवस कुणाला आधी मोजता येत नाहीत.

गरोदरपणातला आजार. मधुमेह, रक्तदाब, झटके, अतिरक्तस्राव यासाठी वेगळं दाखल व्हावं लागलं, तर कंपनी ते बाळंतपणाच्या मर्यादेत धरते की साध्या आजारात? अनेकदा बाळंतपणातच धरतात. लेखी विचारा.

वंध्यत्वावरचे उपचार. आयव्हीएफ वगैरे हे वेगळं वगळणं आहे. बाळंतपण कव्हर आहे म्हणून ते आलं, असं नसतं.

पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवस ती परत करण्याची मुभा असते. हे वाचन त्या ३० दिवसांत उरका.

४. रायडर परवडतो का, ते मोजा

इथे भावनेने ठरवू नका. समजा रायडरसाठी वर्षाला ९,००० रुपये जादा पडतात, वेटिंग दोन वर्षांचं आहे आणि प्रसूती तिसऱ्या वर्षी होते. तीन हप्त्यांचे २७,००० गेले, मर्यादा ५०,०००. फायदा २३,००० रुपयांचा, तोही सगळं वेळेवर जमलं तर. मूल चौथ्या-पाचव्या वर्षी झालं तर हा फायदा आटतच जातो. तेच रायडरमध्ये नवजात बाळाचं कव्हर मूळ रकमेपर्यंत असेल, तर २७,००० रुपये मी बिनदिक्कत भरा म्हणेन.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे. त्याआधी १८ टक्के होता, म्हणजे १०,००० च्या हप्त्याला ११,८०० द्यावे लागत. जुनं कोटेशन दाखवून कुणी कर लावत असेल तर नवं मागा. जुन्या करप्रणालीत असाल तर स्वतः, जोडीदार आणि मुलं मिळून २५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्यावर वजावट मिळते.

आधीच एखादी पॉलिसी असेल आणि ती दुसऱ्या कंपनीत पोर्ट करून बाळंतपण मिळवायचं असेल, तर नूतनीकरणाच्या निदान ४५ दिवस आधी अर्ज करा. जुन्या आजारांच्या वेटिंगचं श्रेय नव्या कंपनीत मिळतं. पण जुन्या पॉलिसीत बाळंतपण नव्हतंच, तर त्याचं श्रेय कुठून येणार? ते वेटिंग नव्याने सुरू होईल असंच धरून चाला.

५. प्रपोजल फॉर्म स्वतः भरा

एजंटला फोनवरून माहिती देऊन फॉर्म भरून घेण्याची सवय घातक आहे. ‘सध्या गरोदर आहात का’, ‘आधी गर्भपात, सिझेरियन, प्रसूती झाली आहे का’, ‘थायरॉइड, पीसीओडी, रक्तदाब आहे का’ या रकान्यांत एजंट घाईने ‘नाही’ टाकून मोकळा होतो. सही मात्र तुमची असते.

हे पकडलं कसं जातं, ते समजून घ्या. प्रसूतीच्या केसपेपरवर आणि डिस्चार्ज कार्डवर डॉक्टर एक छोटी नोंद करतात : ‘जी२ पी१ एल१ ए०’ अशी. जी म्हणजे एकूण गरोदरपणं, पी म्हणजे प्रसूती, एल म्हणजे हयात मुलं, ए म्हणजे गर्भपात. जी३ पी१ एल१ ए१ असं लिहिलेलं आणि फॉर्मवर आधीच्या गर्भपाताला ‘नाही’, असं दिसलं की दावा तपासणीला जातो. शेजारीच शेवटच्या पाळीची तारीख असते, आणि ‘थायरॉइडची गोळी चार वर्षांपासून चालू’ अशीही नोंद असते. डॉक्टर ते उपचारासाठी लिहितात आणि त्यांनी लिहायलाच हवं. म्हणून खरं काय ते फॉर्मवर पहिल्याच दिवशी लिहा. गर्भपाताची गोष्ट सासरी माहीत नसेल, तर फॉर्म तिने स्वतः ऑनलाइन भरावा. ती माहिती घरभर फिरायचं कारण नाही.

६. रुग्णालय : पुण्यातलं की माहेरचं?

पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत. डोहाळजेवण पुण्यात होतं आणि सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी साताऱ्याला, लातूरला किंवा नाशिकला जाते. मेडिक्लेम घेताना मात्र फक्त पुण्यातल्या नेटवर्क रुग्णालयांची, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या रुग्णालयांची यादी पाहिलेली असते. म्हणून दोन्ही गावांची यादी पाहा, आणि यादीवर न थांबता त्या रुग्णालयाच्या विमा खिडकीवर फोन करून विचारा : या कंपनीचं कॅशलेस, म्हणजे बिल कंपनीने परस्पर भरण्याची सोय, चालू आहे का, आणि बाळंतपणाला देता का? करार मध्येच थांबलेले असतात आणि यादीत नाव तसंच राहतं.

काही कंपन्यांचा हप्ता शहरांच्या विभागांवर ठरतो. पुण्याच्या पत्त्यावर घेतलेल्या पॉलिसीत मुंबई-ठाण्यात उपचार घेतले, तर काही टक्के वाटा स्वतः भरावा लागू शकतो. माहेर तिकडचं असेल तर हे कलम आधी वाचा.

पेठांत, कोथरूडला, सिंहगड रोडला लहान प्रसूतिगृहं बरीच आहेत, आणि डॉक्टर पिढ्यान्‌पिढ्या ओळखीच्या असतात. तिथे जाण्यात काही गैर नाही. फक्त महापालिकेकडची नर्सिंग होम नोंदणी चालू आहे का ते विचारा आणि प्रमाणपत्राची झेरॉक्स मागून ठेवा. पॉलिसीतल्या रुग्णालयाच्या व्याख्येत अशी नोंदणी किंवा किमान सोयी, यांपैकी एक लागतं. किमान सोयींत दहा लाखांहून मोठ्या शहरात १५ खाटा आणि त्याहून लहान गावात १० खाटा धरतात. नोंदणीचा कागद हातात असला की खाटांचा वाद उरत नाही.

खोलीचं भाडंही इथेच ठरवा. पॉलिसीत खोलीची मर्यादा दिवसाला ५,००० असताना ८,००० ची घेतली, तर फक्त वरचे ३,००० कापून थांबत नाहीत. डॉक्टरांची फी, थिएटरसारखे खर्चही त्याच प्रमाणात, आठास पाच, असे कमी होतात. ६०,००० चे ३७,५०० उरतात. पाहुण्यांसाठी मोठी खोली घ्यायचा मोह महागात पडतो तो असा.

७. नाव एकच ठेवा

वाचायला क्षुल्लक वाटेल, पण दावे अडकतात ते यावर. आधार कार्डावर माहेरचं नाव, पॉलिसीवर सासरचं, बँक खातं माहेरचं. आणि माहेरच्या गावच्या डॉक्टरांनी तर तिला लहानपणापासून पाहिलेलं असतं, त्या केसपेपरवर सवयीने वडिलांचंच नाव लिहितात. डिस्चार्ज कार्ड, बिलं, पावत्या सगळ्यांवर मग तेच उमटतं. पॉलिसीतल्या नावाशी ते जुळत नाही, मधलं नाव वेगळं आणि आडनाव वेगळं.

नाव बदलणार असाल तर आधार, पॅन, बँक आणि पॉलिसी या क्रमाने सगळीकडे बदला, आणि विवाह नोंदणी दाखला हाताशी ठेवा. बदलणार नसाल तर तेही ठीकच, पॉलिसी माहेरच्या नावानेच घ्या. रुग्णालयात पहिल्या तपासणीला जाताना पॉलिसीकार्ड सोबत न्या आणि ‘यावर आहे तसंच नाव लिहा’ असं सांगा.

८. आठव्या महिन्यात तयार ठेवायची फाइल

– पॉलिसी, ई-कार्ड आणि सगळ्या नूतनीकरणाच्या पावत्या. वेटिंग सलग पूर्ण झाल्याचा पुरावा हाच
– दोघांचं आधार आणि पॅन, विवाह नोंदणी दाखला
– गरोदरपणाची तपासणी फाइल, सगळ्या सोनोग्राफी आणि रक्त तपासण्यांचे अहवाल
– नाव छापलेला रद्द केलेला धनादेश
– कंपनीकडून आलेली लेखी उत्तरं

मूळ कागद एका पिशवीत, दोन झेरॉक्स संच दुसऱ्या पिशवीत. शिवाय सगळं मोबाइलवर स्कॅन करून नवऱ्याकडे आणि आईकडे पाठवून ठेवा.

९. दाखल होताना आणि घरी सोडताना

ठरवून सिझेरियन असेल तर विमा खिडकीवर निदान ४८ तास आधी पूर्वमंजुरीचा अर्ज द्या. काही पॉलिसींत ७२ तास म्हटलेलं असतं. कळा सुरू होऊन अचानक दाखल झालात तर २४ तासांत कंपनीला कळवा आणि संदर्भ क्रमांक लिहून घ्या. नेटवर्कबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस मागता येतं, पण तेही आधी कळवून आणि त्या रुग्णालयाची तयारी असेल तरच.

२०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसच्या पहिल्या अर्जावर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो आणि डिस्चार्जच्या वेळी अंतिम मंजुरी तीन तासांत. त्याहून उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा. म्हणून रुग्णालयाने अंतिम बिल किती वाजता पाठवलं, ती वेळ विचारून टिपून ठेवा. सकाळच्या फेरीत डॉक्टर ‘आज घरी जा’ म्हणाले की लगेच बिल तयार करायला सांगा. नाहीतर दुपार बिलिंगमध्येच जाते.

पहिली मंजुरी ही अंतिम रक्कम नसते. विम्यातून ज्यांचे पैसे मिळत नाहीत अशा वस्तूंची ६८ नावांची एक यादी आहे आणि तिची सुरुवातच बाळाचा आहार आणि बाळाचं सामान यांनी होते. लंगोट, सॅनिटरी पॅड, सोबतच्या माणसाचं जेवण हे सगळं खिशातूनच. मर्यादेच्या वर किमान १० ते १५ हजार रुपये वेगळे तयार ठेवा.

डिस्चार्ज कार्ड हातात आल्यावर खिडकीपाशीच उभं राहून वाचा. नाव, वय, दाखल आणि सोडल्याची तारीख, प्रसूतीची तारीख-वेळ, सिझेरियन असेल तर त्याचं वैद्यकीय कारण, आणि ती जी-पी-एल-ए नोंद. चूक दिसली तर तिथेच दुरुस्त करून सही-शिक्का घ्या. सव्वा महिन्याने त्याच कामासाठी परत फिरणं कुणालाच जमत नाही.

१०. पैसे भरून नंतर मागायचे असतील तर

दावा अर्जाचे दोन भाग असतात : पहिला तुम्ही भरायचा, दुसरा रुग्णालयाने. त्यासोबत मूळ डिस्चार्ज कार्ड, तपशीलवार बिल, पैसे भरल्याच्या क्रमांकित पावत्या, औषधांची बिलं आणि प्रत्येक बिलासोबत डॉक्टरांची चिठ्ठी. ‘पॅकेज ७५,०००’ एवढ्या एका ओळीच्या बिलावर शंका हमखास निघते. खोली, सर्जन, भूल, थिएटर, औषधं अशी फोड मागा. रोख भरलं असेल तर पावतीशिवाय ते भरलंच नाही असं समजा. मुदत पॉलिसीत दिलेली असते, बहुधा डिस्चार्जपासून १५ ते ३० दिवस.

समूह आणि वैयक्तिक असे दोन्ही विमे असतील, तर आधी एकाकडे पूर्ण दावा लावा. त्याने किती दिले याचं पत्र आणि कागदांच्या साक्षांकित प्रती घेऊन उरलेली रक्कम दुसऱ्याकडे मागा. मूळ कागद पहिल्याकडे अडकतात, तेव्हा प्रती आधीच काढून ठेवा.

११. बाळाचं नाव पॉलिसीत

नवजात कव्हर काही ठिकाणी ९० दिवसांपर्यंतच चालतं. त्याआधी जादा हप्ता भरून बाळाचं नाव घालायचं असतं, आणि त्यासाठी जन्मदाखला लागतो. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते, रुग्णालयच ती पाठवतं. नोंद जिथे जन्म झाला त्या हद्दीत होते, तुमच्या घराच्या पत्त्यावर नव्हे. औंधला राहता आणि प्रसूती चिंचवडला झाली, तर दाखला पिंपरी-चिंचवड महापालिकेचा. कॅम्प किंवा खडकीत असेल तर तिथल्या कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे विचारा. बाळाचं नाव ठरलं नसलं तरी नोंद थांबवू नका; नाव १२ महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं. विमा कंपनीही ‘बेबी ऑफ’ अमुक असं लिहून नाव घेते.

१२. आधीच गरोदर असाल तर

नव्या वैयक्तिक पॉलिसीतून हे बाळंतपण होणार नाही. ‘करून देतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. जोडीदाराच्या समूह विम्यात नाव घालता येतं का ते आजच पाहा. ससून, मंगळवार पेठेतलं महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय, पिंपरीचं यशवंतराव चव्हाण रुग्णालय ही सार्वजनिक रुग्णालयं आहेत. सरकारी रुग्णालयातल्या प्रसूतीसाठी जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली नॉर्मल आणि सिझेरियन दोन्ही, औषधं, तपासण्या, आहार आणि ने-आण मोफत आहे. पात्र असाल तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्याला ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये वेगळे मिळतात. खासगी रुग्णालयातच जायचं असेल तर विम्याच्या हप्त्याऐवजी दरमहा रक्कम बाजूला टाका.

१३. दावा नाकारला तर

नकार लेखी हवा आणि त्यात पॉलिसीचं नेमकं कलम हवं. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे ईमेलने जा. उत्तर पटलं नाही तर आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नकार कायम ठेवला, तर विमा लोकपालाकडे जाता येतं, पण अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत. पुण्यातलं लोकपाल कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावरच्या जीवन दर्शन इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. फी नाही, वकील लागत नाही. तक्रारीत लांबलचक हकीकत लिहू नका. एका पानावर तारखा उतरवा : पॉलिसी सुरू, वेटिंग पूर्ण, दाखल, प्रसूती, डिस्चार्ज, दावा दिला, नकार आला. त्या प्रत्येक तारखेचा कागद मागे क्रमाने जोडा, आणि एक संच पोच शिक्क्यासह स्वतःकडे ठेवा.